टाकीत उतरणारे

"बॉय. चेअर्स. देअर."

युनियनचे शाखा सचिव एवढंच बोलले. भिंतीकडे बोट दाखवलं आणि वळले.

मी दोन पोरांचा बाप. मिशी पिकायला लागलेली. बॉय.

सिंगापूरला, तुआसच्या शिपयार्डात मी वेल्डर होतो. शिपयार्डातल्या युनियनची वार्षिक सभा होती. पर्मिटवर आलेल्या परदेशी कामगारांना त्या वर्षी पहिल्यांदाच बोलावलं होतं. मी रीतसर सभासद. इस्त्रीचा शर्ट घालून, भांग पाडून आलेलो. दारातून चिनी फिटर येत होते, मलाय क्रेनवाले येत होते. सचिव त्यांच्याशी हात मिळवत होते. नावानं हाक मारत होते.

मी खुर्च्या लावल्या. काय करणार? माझ्यासारखाच पर्मिटवाला मुरुगन शेजारची रांग लावत होता. तमिळनाडूकडचा. आमची दोघांची भाषा म्हणजे अर्धी हिंदी, अर्धी इंग्लिश, उरलेलं हातवारे. सभा सुरू झाली तेव्हा खुर्च्या संपल्या. आम्हीच लावलेल्या, आम्हालाच पुरल्या नाहीत. आम्ही पर्मिटवाले मागं उभे राहिलो. पुढं भाषण चाललं होतं. युनियनमध्ये वंश नाही, वर्ण नाही. सगळे एक. टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या.

मुंबईच्या गोदीत मी युनियन बघितलेली होती. मोर्चात पुढं आमची वस्ती, निळे झेंडे. घोषणा आमच्या घशातून. स्टेजवर मात्र दुसरेच. मला वाटलं होतं, समुद्र ओलांडला की हे मागं राहील.

शिपयार्डात आमचं नाव होतं ‘ब्लॅक’. तमिळ, बंगाली, तेलुगू, मी, सगळे ब्लॅक. फोरमन सकाळी कामं वाटायचा. डेकवर चिनी. वर्कशॉपात मलाय. टाकीत ब्लॅक.

टाकी म्हणजे जहाजाच्या पोटातली लोखंडी खोली. जहाज तोलात राहावं म्हणून तिच्यात समुद्राचं पाणी भरतात. दुरुस्तीच्या वेळी ती रिकामी करतात आणि आत माणूस उतरतो. वाट म्हणजे एक भोक. खांदे तिरके करून घुसायचं. आत गंजाचा वास, वेल्डिंगचा धूर, वरून उन्हानं तापलेला पत्रा. बाहेरून ब्लोअरचा जाड पाइप हवा सोडतो. तो चालू असेल तोवर माणूस चालू.

एकदा मी फोरमनला म्हटलं, आज दुसऱ्या कुणाला उतरवा. तो हसला. त्याच्या मते त्यात वाईट काहीच नव्हतं.

"यू ब्लॅक, यू कॅन टेक हीट, लाह." लाह म्हणजे तिकडचं ‘रे’.

त्याच महिन्यात मुरुगन टाकीत पडला.

दुपारची वेळ. कुणीतरी ब्लोअर उचलून दुसऱ्या टाकीला लावला होता. आम्हाला सांगितलंही नाही. मी पलीकडच्या कोपऱ्यात होतो. त्याची टॉर्च विझलेली दिसली. हाक मारली. उत्तर नाही. त्याच्या कमरेच्या पट्ट्याला दोर बांधून आम्ही त्याला भोकातून वर ओढला. भोकाच्या कडेनं त्याची पाठ सोलून निघाली. डेकवर पाणी मारलं तेव्हा त्यानं डोळे उघडले.

फोरमन आला. वाकला. वास घेतला.

"ड्रंक," म्हणाला.

मुरुगन दारूला शिवत नव्हता.

मी सेल्वमकडं गेलो. सेल्वम युनियनच्या कमिटीत होता. सिंगापूरचाच नागरिक. त्याचा आजा तमिळनाडूतून मजूर म्हणून आला होता. रंगानं माझ्याहून काळा. मला वाटलं, हा आपला.

त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग कँटीनमध्ये इकडंतिकडं बघितलं.

"ब्रदर, कमिटीत इंडियन मी एकटा. तोही कसाबसा टिकून आहे. तुमचं ओझं डोक्यावर घेतलं, तर मीही पडेन."

"मग आमच्यासाठी बोलणार कोण?"

"मीच की," तो म्हणाला. आणि उठला. चहा तसाच राहिला.

दुसरा माणूस मी गाठला तो मराठी होता. दुरुस्तीला आलेल्या जहाजाच्या मालकांचा सुपरिंटेंडंट, पुण्याचा. डेकवर तो फोनवर बोलत होता. "अगं, भाजी फ्रीजमध्ये ठेव," म्हणाला आणि माझ्या अंगावर काटा आला. किती दिवसांनी मराठी! पुढं होऊन नमस्कार केला. त्यालाही आनंद झाला. तुम्ही कुठले, कधी आलात, घरी कोण कोण, सगळं विचारलं. मी टाकीचं सांगितलं. मुरुगनचं सांगितलं. तुम्ही मालकाची माणसं, तुम्ही म्हणालात तर शिपयार्डवाले ऐकतील, म्हटलं.

"आडनाव काय म्हणालात?"

म्हणालो नव्हतो. सांगितलं.

"अच्छा."

त्या एका अच्छामध्ये मी उतरलो. तुम्ही होतो, तू झालो.

"तिकडं सवलती, इकडं युनियन. काम कधी करता रे तुम्ही लोक?"

हसतच म्हणाला. फोरमनसारखाच. भाषा वेगळी, हसणं एकच. मी शिडीवरून खाली आलो. राग यायला हवा होता. आला नाही. नुसता थकवा आला. हाडात शिरणारा. त्या दिवशी मला कळलं, की माझ्यासाठी बोलेल असा माणूस मी शोधत फिरतोय, आणि तो नाहीच आहे. तमिळ नाही, मराठी नाही. काळा नाही, गोरा नाही.

मग आला युनियनचा फॅमिली डे. एका पार्कात तंबू, लहान मुलांचे खेळ, तळलेल्या बी हूनचा, म्हणजे तांदळाच्या शेवयांचा, घमघमाट. मोठा कापडी फलक : सगळे वंश, एक युनियन. फोटोग्राफर आला होता. युनियनच्या मासिकात मुखपृष्ठावर फोटो यायचा होता. आम्ही पर्मिटवाले एका झाडाखाली बसलो होतो. सचिव स्वतः चालत आले. पहिल्यांदाच माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"कम, कम. फ्रंट. वुई नीड डार्क वन ऑल्सो."

मी उठलो. सवयच होती, बोलावलं की उठायची. मला मधोमध उभं केलं. एका बाजूला चिनी फिटर, दुसऱ्या बाजूला मलाय बाई, आमच्या ऑफिसातली. मुरुगनला माझ्या मागं. सेल्वम टोकाला. ऊन डोळ्यांवर. फलकाची एक कड माझ्या हातात दिली.

"स्माईल," फोटोग्राफर म्हणाला.

माझं तोंड हसेना. खरंच सांगतो, ठरवून केलं नाही. गालच हलेनात.

"अंकल, स्माईल, लाह."

मी फलकाची कड सोडली. ती खाली लोंबली.

"नो," मी म्हणालो.

"व्हॉट नो?" सचिवांनी विचारलं.

"फोटो नो. सेफ्टी कमिटी, वन मॅन फ्रॉम अस. देन फोटो."

माझं इंग्लिश मोडकं. पण न कळण्यासारखं त्यात काही नव्हतं. सगळे थांबले. सचिव हसले, आवाज खाली आणला. म्हणाले, परदेशी माणसाला कमिटीवर घेता येत नाही, कायदा आहे, तुला माहीत नाही. मी म्हटलं, पद नको. मत नको. टाकीत आम्ही उतरतो. टाकीबद्दल बोलणं चालतं तेव्हा आमचा एक माणूस त्या खोलीत असू दे. एवढ्याला कुठला कायदा आडवा येतो?

त्यांनी घड्याळ बघितलं. "डोंट स्पॉइल द डे," म्हणाले.

मी रांगेतून बाहेर आलो. मागून चपलांचा आवाज आला. मुरुगन. पाठीवरची जखम अजून भरली नव्हती, शर्ट चिकटलेला. मग झाडाखालचे सगळे उठून आमच्या बाजूला येऊन उभे राहिले. कुणी घोषणा दिली नाही. सेल्वम जागचा हलला नाही. बुटांकडं बघत राहिला.

फोटो काढलाच त्यांनी. आमच्याशिवाय. कँटीनमध्ये तो लागला. त्यात काळा म्हणून सेल्वम होता. त्यांचं काम भागलं.

पुढं टाकीच्या तोंडाशी पाटी आली : आधी हवा तपासा, ब्लोअर हलवू नका. खाली युनियनचं नाव. आमचं नाव कुणी काढलं नाही. कमिटीत आमच्यातलं कुणी गेलं नाही. आणि माझं पर्मिट संपलं तेव्हा वाढवलं नाही. "युवर वर्क, नो प्रॉब्लेम," ऑफिसातून सांगितलं. मुरुगनचंही तेच झालं.

निघायच्या आधी सेल्वम आमच्या हॉस्टेलच्या गेटवर आला. हातात फळांची पिशवी.

"मी आत विषय काढला होता, ब्रदर."

काढला असेल. नसेलही. तो वाईट माणूस नव्हता. त्याला एकच जागा दिलेली होती, आणि ती राखण्यातच त्याची सगळी ताकद जात होती. देणाऱ्यांनी एकच का दिली, ते मला आता कळतं. मी फळं घेतली. त्याच्यावर रागवायचंही त्राण नव्हतं.

मुंबईत परत गोदीला लागलो. कायम नाही, कंत्राटी. युनियनच्या नेत्यांनी बोलावून घेतलं. फॉरेन रिटर्न म्हणून एक मेच्या सभेत दोन शब्द बोल, म्हणाले. मी विचारलं, साहेब, कमिटीत कंत्राटी कामगार किती?

"अरे, तुमच्यासाठी आम्ही भांडतोच ना!"

मी तिथून उठून आलो. बायको म्हणाली, तिकडून घालवून दिलं, आता इथलंही घालवणार का? मी म्हटलं, होय, गेलं तर गेलं.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत आम्ही कंत्राटी गोदीच्या गेटबाहेर जमलो. वेल्डर, पत्रा घासणारे, रंगारी. बहुतेक आमच्या वस्तीतले, काही यूपीचे, काही ओडिशाचे. आपली युनियन काढायची ठरलं. नेता कोण, म्हणून गलका झाला. दोघांतिघांनी माझं नाव घेतलं.

मी म्हटलं, आधी एक नियम करा. जो टाकीत उतरतो तोच बोलेल. ज्या दिवशी तो उतरायचा थांबेल, त्या दिवशी त्यानं खाली बसायचं आणि उतरणाऱ्याला उभं करायचं. मीसुद्धा. मी बसलो नाही, तर मला ओढून बसवा.