ताईचा हसरा फोटो

तापलेल्या हॅलोजनवर धूळ जळल्याचा वास आला की मला भिवंडीतल्या आमच्या घराची पुढची खोली आठवते. मी तेव्हा एका फोटो स्टुडिओत नुकताच कामाला लागलो होतो आणि चेहऱ्यावर उजेड कसा टाकायचा याचा सराव घरच्यांवर करायचो. भिंतीवर आईची निळी चादर, एका बाजूला स्टुलावर हॅलोजन, दुसऱ्या बाजूला उजेड परतवायला थर्मोकोल, आणि शेजारच्या लूमच्या खडखडाटाने हे सगळंच थरथरत असायचं. त्या दुपारी पडघ्याला दिलेली ताई दोन दिवसांसाठी माहेरी आली होती, म्हणून तिला खुर्चीत बसवलं. दिवा आणखी बाजूला नेऊन कॅमेऱ्यातून पाहिलं, तर पावडरीखाली तिच्या गालावर बोटांचे वळ उठलेले दिसले. "ताई, हे काय?" तिने आधी स्वयंपाकघराकडे पाहिलं. आत आई भाकऱ्या थापत होती. "काय न्हाय. दिवा समोर घे ना," ती हळूच म्हणाली, "आणि आईला बोलू नको. तिला झेपायचं न्हाय." मी दिवा समोर घेतला. समोरच्या सपाट उजेडात वळ दिसेनासे झाले, ती हसली आणि मी बटण दाबलं. आईने तो फोटो फ्रेम करून घेतला आणि येईल त्याला दाखवत राहिली, "बघा, किती सुखात हाय माझी पोर." वर्षभराने ताई मोडलेला हात गळ्यात बांधून कायमची परत आली. आता ती माझ्याकडेच राहते आणि तिने मला कधी दोष दिलेला नाही. पण त्या दुपारी दिवा समोर घेण्याआधी मी आईला हाक मारायला हवी होती.