नवव्या आठवड्यातली सुट्टी

आमच्या कंपनीत दर दहा आठवड्यांनी सगळ्यांना दोन दिवस एका हॉलमध्ये कोंडतात. रामदासपेठेतल्या एका हॉटेलचा लग्नाचा हॉल असतो. खुर्च्यांना पांढरे अभ्रे, छताला झुंबर, आणि एरवी नवरा-नवरी बसतात तिथे मोठा पडदा. नागपूरच्या सहा टीम हॉलमध्ये, पुण्याच्या चार पडद्यावर, आणि परदेशातले साहेब पडद्याच्या कोपऱ्यात, पहाटे उठवून बसवल्यासारखे. पुढच्या दहा आठवड्यांत कोण काय करणार आणि कोणाचं काम कोणावाचून अडणार, हे या दोन दिवसांत ठरवायचं. ते दिसावं म्हणून भिंतीवरच्या बोर्डावर चिठ्ठ्या लावतात आणि एका टीमच्या चिठ्ठीपासून दुसरीच्या चिठ्ठीपर्यंत लाल लोकर ओढतात. ही लोकर मीच इतवारीतून आणतो. पहिल्या वेळी एक गुंडा पुरला होता, आता चार लागतात.

या दहा टीमच्या गोतावळ्याला आमच्याकडे 'ट्रेन' म्हणतात. ठरलेल्या वेळी सुटते आणि कोणासाठी थांबत नाही, असं शिकवायला आलेल्या माणसानं सांगितलं होतं. तो नागपूर स्टेशनवर कधी गाडीची वाट बघत बसला नसावा.

मी या धंद्यात चोवीस वर्षं आहे, त्यामुळे पूर्वी सगळं छान होतं असं काही म्हणणार नाही. पूर्वीही कामं लांबायची, फक्त तेव्हा शिव्या एकट्याला बसायच्या. नवी पद्धत आली तेव्हा आम्ही आठच जण होतो. रोज सकाळी पंधरा मिनिटं उभ्या-उभ्या बोलायचं, दोन आठवड्यांत थोडंसंच काम पुरं करायचं आणि ते दाखवायचं. दोन वर्षं मी खरंच मजेत होतो. मग वरच्यांना वाटलं, आठ जणांना जमतं तर शंभर जणांना का नाही? घरी चौघांची भाजी फक्कड झाली म्हणून तीच कढई लग्नाच्या पंगतीला मांडावी, तशातली गत. आता सकाळी टीमची बैठक, मग टीमप्रमुखांची, मग त्या प्रमुखांच्या प्रमुखांची. जेवणाच्या सुट्टीपर्यंत मी एकच वाक्य चार ठिकाणी बोललेला असतो, आणि चौथ्या वेळी ते मलाच खोटं वाटायला लागतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी, योजना तयार झाली की, मतदान होतं. शंभराच्या वर माणसं एकदम हात वर करतात. पाच बोटं म्हणजे हे सगळं होणार असा पूर्ण भरवसा, एक बोट म्हणजे काडीचाही नाही. तीनपर्यंत चालतं. ज्यानं एक किंवा दोन दाखवली त्याला उभं राहून, माईक घेऊन, कारण सांगावं लागतं. मग योजना दुरुस्त करायची, असं पुस्तकात आहे. आमच्याकडे काय होतं तर लोक आधी आपल्या प्रमुखाच्या हाताकडे बघतात. आणि प्रमुख म्हणून मी आदल्या दिवशीच टीमला सांगून ठेवतो, "कोणी तीनच्या खाली जाऊ नका रे बाबा, जेवायला उशीर होतो." सगळे हसतात आणि ऐकतात.

त्या वेळी एकीनं ऐकलं नाही.

ती आमच्या टीममधली सगळ्यात जुनी. आम्ही बनवतो ते तपासायचं, चुका शोधायच्या, हे तिचं काम. अकरा वर्षं माझ्या शेजारच्या टेबलावर बसते. नरखेडकडची, बोलणं फटकळ, आणि तिनं बरोबर म्हटलेलं काम परत आलेलं मला आठवत नाही. घरी ती आणि तिची आई, दोघीच. योजनेच्या आधी प्रत्येकाच्या सुट्ट्या लिहून घ्याव्या लागतात, तेव्हा ती म्हणाली होती, "नववा अन् दहावा आठवडा मी नाही सर. आईच्या डोळ्याचं ऑपरेशन आहे, धंतोलीत." मी लिहून घेतलं. मोतीबिंदू असणार, असं मीच मनाशी ठरवून टाकलं. माझ्या आईचा झाला होता. सकाळी नेलं, दुपारी घरी येऊन तिनं चहा मागितला. दोन आठवडे कशाला लागतात, असंही एकदा मनात येऊन गेलं.

हात वर झाले. मी चार दाखवली. शेजारी बघितलं तर तिची दोन.

पुण्याहून आलेल्या समन्वयक बाई सगळ्या ट्रेनच्या मालक असल्यासारख्या माईक घेऊन फिरत होत्या. त्या आमच्या टेबलाशी आल्या आणि त्यांनी ठरलेला प्रश्न विचारला, "तुमची दोनाची तीन व्हायला काय करावं लागेल?"

ती उठली. आधी तिनं सगळं नीट, ऑफिसच्या भाषेत सांगितलं. आमच्या कामाला लागणारा एक भाग पुण्याची टीम आठव्या आठवड्याच्या शेवटी देणार. तो जोडून तपासायला दोन आठवडे हवेत. त्या दोन आठवड्यांत ती रजेवर, आणि तपासणारी दुसरी मुलगी तीन महिन्यांपूर्वी लागलेली. एवढं बोलून ती थांबली आणि म्हणाली, "मंग हे होईन कसं? मले तं दिसत नाही."

हॉलमध्ये हशा पिकला. पडद्यावरच्या साहेबांना कळलं नाही, तेही हसले. बाहेरच्या टेबलांवरून झाकणं उघडल्याचा आवाज येत होता, वांग्याच्या भाजीचा वास आत आला होता, आणि शंभर माणसं आमच्या टेबलाकडे बघत होती. बाईंनी पुन्हा विचारलं, काय करावं लागेल? प्रश्न तिला होता. माईक मी घेतला.

"तिची सुट्टी आहे त्या वेळी," मी म्हणालो, "ती पुढे ढकलता येईल. मग तीन व्हायला हरकत नाही."

टाळ्या पडल्या. दोनाची तीन झाली की आमच्याकडे टाळ्या वाजवतात. तिनं माझ्याकडे एकदा बघितलं आणि तिसरं बोट वर केलं. योजना मंजूर झाली, आणि लोक ताटं घ्यायला धावले.

रांगेत मी तिला गाठलं. "रागावलीस का?"

"नाही सर. विचारून पाहते डॉक्टरले," ती म्हणाली, आणि ताट पुढे केलं. एवढ्यावर भागलं म्हणून मला बरं वाटलं. मी दुसऱ्यांदा भाजी घेतली, हेही आठवतं.

दिवाळीनंतरचे ते दहा आठवडे नेहमीसारखे गेले. रोज सकाळी उभे राहिलो, रोज बोललो. सातव्या आठवड्यात पुण्याची टीम 'थोडं मागे आहोत' म्हणू लागली. ते मागे, कारण त्यांना लागणारी माहिती तिसऱ्या टीमकडून यायची होती, आणि ती टीम परदेशातल्या कोणाच्या तरी मंजुरीची वाट बघत होती. लाल लोकर बोर्डावर दिसते, पण तिला ओढून काही येत नाही. आठवा आठवडा संपला. भाग आला नाही.

नववा आठवडा तिनं माझ्या शेजारी बसून काढला. तपासायला काही नव्हतं. ती नऊला यायची, जुन्या याद्या नीट करायची, त्या नव्या मुलीला शिकवायची, सहाला जायची. बुधवारी मला राहवलं नाही. म्हटलं, "आता काही येत नाही गं, तू जा सुट्टीवर."

"आता जाऊन काय करू? सोडलेली तारीख दुसऱ्याले देली त्याइनं. मले पुढची फेब्रुवारीत भेटली."

"काही बिघडत नाही ना एवढ्यानं?"

ती स्क्रीनकडे बघत राहिली. "पाहू," म्हणाली.

दहाव्या आठवड्यात समन्वयक बाईंनी आमची चिठ्ठी एका बोर्डावरून काढली आणि पुढच्या योजनेच्या बोर्डावर लावली. इतकंच. कोणी ओरडलं नाही, कोणाला जाब विचारला नाही. ज्या कामासाठी सुट्टी ढकलली ते काम सुरूही झालं नव्हतं, आणि त्यानं जगात कोणाचंही अडलं नाही. शेवटी मागे वळून बघायची एक बैठक असते, काय चांगलं झालं ते चिठ्ठ्यांवर लिहितात. एका चिठ्ठीवर आमच्या टीमचं नाव होतं आणि पुढे लिहिलं होतं, 'बांधिलकी'. ती काढून फेकावीशी वाटली. मी फेकली नाही, सगळ्यांबरोबर फोटोत उभा राहिलो.

फेब्रुवारीत ऑपरेशन झालं. दुसऱ्या दिवशी मी धंतोलीतल्या त्या दवाखान्यात गेलो. गाडी लावायला जागा मिळेपर्यंत तीन गल्ल्या फिरलो, आणि मिळाली तेव्हा मनात नको तेच आलं, की परत फिरावं. वर गेलो. ती औषधं आणायला खाली गेली होती. आई पलंगावर बसलेली, एका डोळ्यावर पट्टी, दुसऱ्यानं दाराकडे अंदाज घेत होती.

"कोन? साहेब काय? बसा जी, बसा," म्हणाली. मी आणलेला नारळ तिनं चाचपून टेबलावर ठेवला. "माह्यापायी तुमच्या कामाचा खोळंबा तं नाही झाला ना? पोरगी म्हने, साहेबाइनं सुट्टी देली होती, मीच नाही घेतली. कामाची गर्दी होती म्हने. मी म्हनलं राहू दे मंग, डोळा काय पळून चालला?"

मी नाही-नाही म्हणत राहिलो. खोटं कशाला बोलू, पहिल्यांदा मला सुटल्यासारखं वाटलं. पोरीनं मला वाचवलं होतं, आईसमोर मी भला माणूस होतो. लाज वाटली ती नंतर, आणि ती मग गेली नाही.

ती आली तेव्हा मला घेऊन बाहेर बाकावर बसली. फाईल तिच्या मांडीवर होती. मोतीबिंदू नव्हताच, काचबिंदू होता. डोळ्यातला दाब वाढलेला, थेंबांनी उतरत नव्हता. या आजारात गेलेलं दिसणं परत येत नाही, उरलेलं राखण्यासाठी ऑपरेशन करतात, आणि त्यानंतर दिवसभर थोड्या-थोड्या वेळानं थेंब घालायला घरात माणूस लागतं. म्हणून दोन आठवडे.

"दिवाळीत टीव्हीवरची पट्टी वाचत होती त्या डोळ्यानं," ती म्हणाली. "ऑपरेशनच्या आधी तपासलं तं उजेड तेवढा कळे."

"मला सांगितलं का नाहीस?"

"कधी सांगू? तुमी माईक घेतला. शंभर लोकाइच्या समोर माह्या मायच्या डोळ्याचं सांगू काय?"

तेव्हा नाही तर नंतर, रांगेत, ऑफिसात, असं काहीतरी मी म्हणणार होतो. पण अकरा वर्षं शेजारी बसून मीही कधी विचारलं नव्हतं. कसलं ऑपरेशन, एवढे दोनच शब्द लागले असते. रोज सकाळी उभं राहून मी आठ माणसांना विचारतो, कुठे अडलंय का, आणि उत्तर ऐकायच्या आत पुढच्याकडे वळतो.

शेवटी, जे विचारायची भीती वाटत होती ते विचारलं. "जानेवारीत झालं असतं तर वाचला असता का डोळा? डॉक्टर काय म्हणाले?"

"विचारलं नाही."

"का?"

तिनं औषधांची चिठ्ठी फाईलमध्ये सरळ केली. आवाजात राग नव्हता, राग असता तर मला सोपं गेलं असतं.

"विचारलं असतं अन् डॉक्टर हो म्हनले असते, तं मले सुट्टी संपल्यावर तुमच्या बाजूले बसता आलं नसतं सर. अन् नोकरी तं करायचीच हाय."