साळवे मामा आणि फिरती ढाल

साळवे मामा आज सकाळी गेले. ऐंशीच्या पुढं जगला माणूस, आणि त्यातली साठेक वर्षं फुटबॉलवरून भांडला.

दौंडच्या रेल्वे कॉलनीतले मामा. ड्युटीवर गार्ड, ड्युटी सुटली की आमचे कोच. सख्खे कुणाचेच नव्हते, पण अख्ख्या ग्राउंडचे मामा.

सकाळपासून फोन वाजतोय. प्रत्येकजण एकच विचारतो, "ढालीची गोष्ट लिही की."

लिहितो.

नव्वदच्या दशकात दिवाळीनंतर आमच्या ग्राउंडवर टूर्नामेंट भरायची. बक्षीस म्हणजे फिरती ढाल. वर्षभर जिंकणाऱ्याकडे, मग परत. पण जुना नियम असा की सलग तीन वर्षं जिंकलात तर ढाल कायमची तुमची.

शिरूरकडच्या एका बागाईतदार अण्णांनी टीम काढली आणि सलग दोन वर्षं ढाल नेली.

कशी? सोप्पं आहे. यंदा तुमच्या टीमचा जो गडी चमकला, तो पुढच्या वर्षी अण्णांच्या जर्सीत. नवे बूट, रविवारी मटण, वर रांजणगावला कंपनीत चिकटवायचा शब्द. कोण नाही म्हणेल हो?

बाकीच्या गावांनी यायचंच सोडलं. एकजण तर तोंडावर म्हणाला, "हरायलाच यायचं, तर डिझेल कशाला जाळू?" टीमा उरल्या जेमतेम पाच. तिसऱ्यांदा अण्णा जिंकले की ढाल शिरूरला आणि टूर्नामेंटचा कारभार आटोपला.

मामांना याचं नवल नव्हतं. कारण मामा टीव्हीवर जर्मनीची फुटबॉल लीग बघायचे!

रेल्वे इन्स्टिट्यूटच्या, म्हणजे कॉलनीच्या क्लबच्या टीव्हीवर केबल आली होती. सगळे क्रिकेट लावा म्हणायचे, मामा रिमोट सोडायचे नाहीत.

"म्युनिकवाल्यास्नी बघ. समोरच्याचा चांगला गडी दिसला की उचलला. लागतो म्हणून न्हाई, त्याच्याकडं ऱ्हायला नको म्हणून. ह्याला काय लीग म्हंत्यात व्हय? हे त्यांच्या घरचं कार्य झालं."

अठ्ठ्याण्णवच्या उन्हाळ्यात एक चमत्कार झाला. खालच्या लीगमधून नुकतीच वर आलेली एका छोट्या शहराची टीम म्युनिकला मागं टाकून अख्खी लीग मारून गेली.

मामांनी कॉलनीत पेढे वाटले.

"काय ओ मामा, पोराचं लग्न ठरलं?"

"लग्न कसलं! जर्मनीत जिंकलो आपण!"

आणि पावसाळाभर आमचे हाल सुरू झाले. रोज जागा बदल. मी लेफ्ट बॅक, मला फॉरवर्ड उभा केला. फॉरवर्डला गोलकीपर केला. शिव्या घातल्या आम्ही, मनातल्या मनात.

टूर्नामेंटला आठ दिवस राहिले आणि आमचा हुकमी स्ट्रायकर सुन्या अण्णांकडे गेला. आमच्या तोंडचं पाणी पळालं. मी तर म्हटलं, नाव मागं घेऊ.

मामा शांत.

"गार्ड आजारी पडला म्हणून गाडी उभी ऱ्हाती का रे? रिलीव्हर येतो आन् गाडी निघती. सुन्या रजेवर गेला समज. त्याचा रिलीव्हर तू."

तेव्हा कुठं डोक्यात प्रकाश पडला. पावसाळाभर मामांनी प्रत्येकाचा रिलीव्हर तयार केला होता. अण्णांनी कुणालाही उचलावं, गाडी थांबणार नव्हती!

फायनलला समोर अण्णांचीच टीम. अकरा गावांचे अकरा हिरो. सगळेच नवरदेव, वऱ्हाडात कोणीच नाही. बॉल गेला की सात जण पुढं उभे राहून हात वर करायचे, पास दे, पास दे. मागं यायला कुणी तयार नाही.

हाफ टाइमला मामा एवढंच बोलले, "ते थकत्याल. थांबा जरा."

खरंच थकले. शेवटची पाच मिनिटं राहिली असतील, गोल अजून कुणाचाच नाही. बॉल माझ्या नडगीला लागला आणि गोलमध्ये गेला. हो, नडगीला! कुणाला काय म्हणायचं ते म्हणा.

यार्डात उभ्या इंजिनाच्या ड्रायव्हरनं भोंगा धरला तो सोडेचना. पोरांनी मामांना खांद्यावर घेतलं. सुन्या खाली मान घालून उभा होता. मामांनी वरूनच हाक मारली, "आरं ये की इकडं! पुढच्या साली येतोस न्हवं?"

आला. पुढच्या वर्षीही आम्हीच जिंकलो.

आता आमचं तिसरं वर्ष. ढाल कायमची कॉलनीत येणार! ठेवायला कपाटसुद्धा बघून ठेवलेलं.

आणि कमिटीच्या मिटिंगमध्ये मामा उभे राहिले. "तीन वर्षांचा नियम काढा. कुणी कितीबी जिंकू द्या, ढाल फिरतीच ऱ्हाईल."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. सगळ्यांसमोर ओरडलो, "अण्णा जिंकत होते तवा का न्हाई सुचलं हे?"

"तवा बोललो असतो तर लोक म्हटले असते, हरतोय म्हणून रडतोय. आज आपली पाळी हाय. आज बोललो तर कुणाची टाप हाय नाव ठेवायची?"

"पण मामा, ढाल आपली हाय!"

"मग घेऊन बस. खेळणार कुणासंगं?"

नियम गेला. तिसऱ्यांदा आम्हीच जिंकलो, आणि वर्षानं ढाल गपगुमान परत केली. त्या मिटिंगनंतर मी दोन महिने मामांशी बोललो नव्हतो. समोर आले तर रस्ता बदलायचो.

ढाल परत केली त्या वर्षी टीमांची नावं एका कागदावर मावेनात. ज्यांनी डिझेल जाळायचं सोडलं होतं तेही ट्रॅक्टर भरून आले. अण्णांनीसुद्धा या खेपेला आपल्याच गावची पोरं आणली.

आम्ही सेमीफायनलला हरलो. कोरेगाव भीमाच्या पोरांनी धुतलं आम्हाला, अक्षरशः धुतलं. मी बूट काढत रडत होतो. मामा शेजारी येऊन बसले, गर्दीकडे बघत राहिले, आणि माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले,

"आत्ता झाली बघ टूर्नामेंट."

मामा, त्या दोन महिन्यांची माफी मागायची राहून गेली. आज सगळ्यांसमोर मागतो. तुमचं बरोबर होतं.

कॉलनीच्या सगळ्या पोरांकडून शेवटचा जय भीम, मामा.