पंधरा फुटांवरचं दार

"अंधारात बसलेल्या माणसावर उजेड फेकू नये, आपलाच डोळा जरा मोठा उघडावा."

हे वाक्य दीनानाथ उमरीकर एकदा जेवताना बोलले. पुढ्यात ज्वारीची भाकर आणि तुरीचं वरण होतं, समोर पत्नी सुचित्राबाई. त्यांनी वाक्य शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि विचारलं, "केवढ्याला आहे?"

बाईंचा अंदाज बरोबर होता. दीनानाथांना कॅमेऱ्यासाठी लेन्स घ्यायची होती.

पांढरकवड्याला बसस्टँडकडे जाणाऱ्या रस्त्यावर त्यांचा फोटो स्टुडिओ. आजोबा कोर्टात नाझर, वडील तहसिलीत अव्वल कारकून, थोरला भाऊ नागपूरला बँकेत. खुर्ची-टेबलाच्या या घराण्यात दुकान टाकणारे दीनानाथ पहिलेच. "धाकटा काय करतो?" असं कुणी विचारलं की वडील म्हणत, "त्याचं अजून ठरायचं आहे." तेव्हा दीनानाथ चाळिशीला आले होते आणि पोटापुरता धंदा नीट चालत होता.

ती वर्षं वाईट होती. कापूस हा शब्द लोक आजाराच्या नावासारखा हळू उच्चारत. एखाद्या घरातला पुरुष कशानं गेला, हे कुणी विचारत नसे. स्टुडिओत बाया यायच्या, सरकारी मदतीच्या अर्जाला लावायचे तीन फोटो काढून घ्यायच्या आणि पावतीची घडी मुठीत धरून जायच्या. पांढऱ्या पडद्यासमोर स्टुलावर बसून समोर पाहणारे ते चेहरे दीनानाथांना पुढे लग्नांच्या मांडवात शोधूनही सापडत नसत. मुलगी बोहल्यावर असे, काका-काकू कन्यादानाला बसलेले असत आणि आई आत, चुलीपाशी, अंधारात. विधवेनं पुढे येऊ नये, एवढंच. तसं तिला कुणी सांगतही नसे. तीच उठून आत जाई.

इंदूबाई अशाच आत गेल्या होत्या. मुकुटबनच्या अलीकडे त्यांचं गाव. दोन हजार सातच्या उन्हाळ्यात थोरल्या मुलीचं, अर्पिताचं, लग्न झालं. फोटो दीनानाथांनी काढले. नवा डिजिटल कॅमेरा आणि त्याच्यासोबत डब्यात आलेली साधी लेन्स. या लेन्सला उजेड लागे, आणि संध्याकाळच्या मुहूर्ताला लाइट गेलेली. दीनानाथ स्वयंपाकघराच्या दाराशी गेले आणि फ्लॅश मारला. इंदूबाईंनी पदर तोंडावर ओढला, हात आडवा धरला आणि भिंतीकडे वळल्या. तिथल्या बायांनी दीनानाथांना हाकलून दिलं.

कारण त्यांना नंतर कळलं. आदल्या हिवाळ्यात, नवरा जाऊन चार दिवस झाले असताना, त्याच दारात बाहेरगावचे लोक कॅमेरे घेऊन आले होते. फ्लॅशवर फ्लॅश पडले. दुसऱ्या दिवशी इंदूबाईंचा चेहरा पेपरात जिल्हाभर गेला. खाली छापलेलं नाव चुकीचं होतं.

लग्नानंतर दीड महिन्यानं अर्पिता एकटीच एसटीनं स्टुडिओत आली. काउंटरवर अल्बम ठेवला आणि पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत दीनानाथांच्या डोळ्यांदेखत उलटला. मग म्हणाली, "काका, याच्यात माही माय कुठी हाये?"

एक पदर आणि एक आडवा हात, एवढाच फोटो होता. तो त्यांनी छापलाच नव्हता.

दोन वर्षांनी इंदूबाईंचे थोरले दीर विठ्ठलराव धाकट्या गौरीच्या लग्नाचं सांगायला आले. तारीख महिनाभरावर होती. विठ्ठलराव माणूस सरळ, पण रीतीभातीला पक्का. बोलून झालं, चहा झाला, ते गेले. दुसऱ्या दिवशी दीनानाथ कुणालाही न सांगता मोटारसायकल काढून इंदूबाईंच्या गावाला गेले.

इंदूबाई ओसरीत तूर निवडत होत्या. दीनानाथ पायरीवर बसले. या वेळी फ्लॅश मारणार नाही, असं त्यांनी सांगितलं. बोहल्यापासूनच फोटो काढीन, तुमच्या जवळ येणार नाही, कुणाला कळणारही नाही. पण तुम्ही नको म्हणालात तर कॅमेरा तुमच्याकडे वळवणार नाही. चोरून काढायचा असता तर इथवर आलो नसतो.

"अंधारात काय दिसते तुमाले?" इंदूबाईंनी विचारलं.

"दिसेल."

सुपातले खडे बाजूला पडत राहिले. मग मान वर न करता त्या म्हणाल्या, "मंग मी कुठी बसू, ते सांगा."

दीनानाथांनी बोहल्याच्या जागेपासून स्वयंपाकघराच्या दारापर्यंत पावलं टाकली. पंधरा फूट. दाराच्या आत डाव्या हाताला, जिथवर मांडवातला उजेड पोचेल तिथं, त्यांनी पाट ठेवून दाखवला. शब्द देऊन झाला होता. तो पाळायला लागणारी वस्तू मात्र त्यांच्याकडे नव्हती.

परतीच्या वाटेवर सगळा हिशेब डोक्यात मांडून झाला. अंतरपाट दूर होतो, अक्षता पडतात, तो क्षण फार तर तीन सेकंदांचा. भटजी, मामा, करवल्या यांच्या गर्दीत फोटोग्राफरला पाऊलही हलवता येत नाही. नवरा-नवरी हाताच्या अंतरावर, म्हणजे रुंद फोटो हवा. आणि त्याच जागेवरून, त्याच तीन सेकंदांत, पंधरा फुटांवरचं दार जवळ यायला हवं.

नागपूरला सीताबर्डीच्या दुकानदारानं काउंटरवर चार लेन्स मांडल्या. पहिली, लांबचं अगदी जवळ आणणारी. सगळे हीच नेतात, तो म्हणाला. दीनानाथांनी तिच्यावरचे आकडे वाचले. ही लेन्स लांबचं जवळ आणते, पण आणता आणता डोळा मिटत जाते. दुसरी लहानशी, स्वस्त, अंधारात मांजरासारखं पाहणारी, पण झूम नसलेली. तिच्यातून दार मिळालं असतं आणि हाताच्या अंतरावरच्या नवरीचं नुसतं नाक. तिसरी कॅमेऱ्याच्याच कंपनीची, टू पॉइंट एट. हा आकडा जितका लहान तितका लेन्सचा डोळा मोठा, आणि ही झूम करतानाही तो तसाच उघडा ठेवी. तिची किंमत ऐकून दीनानाथांनी ती दोन्ही हातांनी उचलली आणि दोन्ही हातांनी परत ठेवली. चौथी दुसऱ्या कंपनीची. आकडा तोच, टू पॉइंट एट. किंमत तिसरीच्या निम्म्याहून कमी.

"काका, हिच्यात एक गोष्ट आहे," दुकानदार म्हणाला. "फोकस करताना घुर्र घुर्र आवाज करते. आणि प्रत्येक पीस सारखा निघत नाही."

दीनानाथांनी दुकानातली सगळ्यात अंधारी जागा विचारली. जिन्याखाली रिकामी खोकी ठेवायची जागा होती. तिथं त्यांनी दुकानातल्या झाडलोट करणाऱ्या धुरपताबाईंना स्टुलावर बसायची विनंती केली आणि पंधरा फूट मोजून उभे राहिले.

"मले कायले बसवून राह्यले अंधारात?" धुरपताबाईंनी विचारलं. "मी का भूत हाओ?"

पहिल्या पीसनं धुरपताबाईंचा कान लख्ख टिपला आणि डोळे धुक्यात सोडले. दुसऱ्यात चेहऱ्याची एकच बाजू धड आली. दुकानदार घड्याळ पाहू लागला. उजेडात सगळ्या सारख्याच दिसतात, असं त्यानं दोनदा सुनावलं. तिसऱ्या पीसनं बराच वेळ घुर्र घुर्र केलं आणि मग धुरपताबाईंच्या भुवईतले दोन पांढरे केस वेगळे मोजता येतील असे दाखवले. दीनानाथांनी तो फोटो पडद्यावर मोठा केला आणि धुरपताबाईंनाच दाखवला. त्या म्हणाल्या, "हे केस पाह्यले नव्हते बा मी." सौदा तिथंच ठरला.

पैशासाठी स्टुडिओतले छत्रीवाले दोन मोठे दिवे विकले. सुचित्राबाई म्हणाल्या, "दिवे विकून लेन्स आणणारा फोटोग्राफर मी पहिलाच पाहते." पण दिव्यांच्या जागी स्टुडिओची खिडकी मोठी करून घ्यायची युक्ती त्यांनीच सुचवली, आणि गवंड्याशी घासाघीसही त्यांनीच केली. खिडकीच्या उजेडात अर्जाचे फोटोसुद्धा मऊ येऊ लागले.

लग्नाच्या संध्याकाळी लाइट गेली. ती जाणारच होती. जनरेटरवर चार ट्यूब लागल्या, त्यातली एक सारखी लुकलुकत होती. मंगलाष्टकं सुरू झाली. दीनानाथ मांडवाच्या मेढीला खांदा टेकून उभे होते, हात हलू नये म्हणून. त्यांनी एकदाही स्वयंपाकघराकडे पाहिलं नाही. त्यांनी पाहिलं असतं तर बाकीच्यांनीही पाहिलं असतं. इंदूबाई पाटावर बसल्या आहेत की नाही, हे त्यांना माहीत नव्हतं. बसल्या नसतील तर तो त्यांचाच हक्क, असं ते मनाशी म्हणत होते.

शेवटचं 'सावधान' झालं. अंतरपाट दूर झाला. गौरीनं मान वर केली, नवरदेव घाबरल्यासारखा हसला. दीनानाथांनी दोन फोटो घेतले. लेन्सचं झूमचं कडं फिरवलं, कॅमेरा उभा केला आणि दाराकडे वळवला.

लेन्सनं घुर्र केलं आणि तिचा फोकस पुढे निघून गेला. दार पुसलं गेलं. परत आला, परत गेला. मांडवात अक्षतांचा सडा पडत होता, बँडवाल्यानं सुरुवात केली होती. मग दार थांबलं. दीनानाथांनी श्वास धरला आणि बटण दाबलं. एकदाच. दुसऱ्या वेळी दाराशी बाया येऊन उभ्या राहिल्या होत्या.

तो फोटो त्यांनी दुसऱ्या दिवशी स्टुडिओत पाहिला. इंदूबाई पाटावर नव्हत्या. उभ्या होत्या. चेहरा स्थिर, डोळे मांडवाकडे, पदर खांद्यावर. उजवा हात वर गेलेला आणि हलल्यामुळे धूसर. बोटांतून तांदूळ सुटत होते. लेन्सला तेवढा वेग साधला नव्हता, म्हणून तांदळाचे दाणे न दिसता बारीक पांढऱ्या रेघा दिसत होत्या, मांडवाच्या दिशेनं निघालेल्या. ते तांदूळ पंधरा फुटांवर पोचणं शक्य नव्हतं. इतक्या माणसांत कुणीही हे पाहिलं नव्हतं.

सुचित्राबाई पाठीमागे येऊन उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "हा नवरा-नवरीच्या समोरच्या पानावर लावा. पूर्ण पान."

अल्बम घेऊन दीनानाथ गेले तेव्हा दुपार कलली होती. गौरी मांडवपरतणीला माहेरी आलेली, अर्पिताही होती. विठ्ठलराव खाटेवर बसून पानं उलटत होते. त्या पानावर त्यांचा हात थांबला. दीनानाथ उंबऱ्यात उभे होते.

"हा कायले लावला?" विठ्ठलराव म्हणाले. आवाज चढलेला नव्हता. "हा अल्बम पोरीच्या सासरी जाईन. चार लोकं पाहतीन. काय म्हनतीन?"

अर्पितानं काही बोलायला तोंड उघडलं, पण त्याआधी आतून इंदूबाई आल्या. हात पदराला पुसत होत्या.

"राहू द्या भाऊजी," त्या म्हणाल्या. "त्याईनं मले विचारलं होतं. मी हो म्हनलं."

विठ्ठलराव भावजयीकडे पाहत राहिले. बावीस-तेवीस वर्षांत त्या त्यांच्यासमोर एवढं बोलल्या नसाव्यात. मग त्यांनी पुन्हा फोटो पाहिला. या वेळी त्यांनी बोट त्या पांढऱ्या रेघांवर ठेवलं.

"हे काय हाये?"

"अक्षता," इंदूबाई म्हणाल्या.

विठ्ठलरावांनी बोट उचललं. अल्बम उचलून भावजयीच्या हातात दिला आणि खाटेवर सरकून जागा केली. इंदूबाई काठावर बसल्या. दोन्ही मुली दोन्ही बाजूंनी वाकल्या. इंदूबाईंनी अल्बम डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, मग दाराकडे तिरपा केला. नीट दिसत नव्हतं. बाहेरचं ऊन उंबऱ्यात उभ्या असलेल्या दीनानाथांच्या पाठीवर अडलं होतं.

त्यांनी खाली ठेवलेली बॅग उचलली, खांद्याला लावली, आणि दार मोकळं करून पायरी उतरून बाहेर गेले.