तीन दिवस मी वादळात होतो

समुद्रात वादळ उठलं की टीव्हीवर कुणीतरी पोरगा किनाऱ्यावर उभा राहून बोंबलतो. रेनकोट फडफडतोय, माईक हातातून निसटतोय, आणि मागून एक माणूस निवांत सायकलवरून चाललेला. सून म्हणते, ‘‘बाबा, बिचारा जीव धोक्यात घालून सांगतोय की.’’ मी म्हणतो, ‘‘बंद कर तो डबा.’’ तिला वाटतं म्हाताऱ्याचं डोकं फिरलंय. फिरलंयच! पण तो निदान तिथं गेलाय तरी. मी गेलो नव्हतो.

आणीबाणी उठली त्या वर्षीची गोष्ट. दिवाळी नुकतीच झाली होती. सोलापुरात टीव्ही नव्हता. मी एका चारपानी दैनिकात बातमीदार होतो, वय तेवीस, अक्कल त्याच्या निम्मी. आंध्रच्या किनाऱ्यावर वादळ आल्याचं रेडिओनं सांगितलं आणि आमचं शहर हादरलं. पूर्व भागातली निम्मी घरं तेलुगू विणकरांची. कुणाची बहीण तिकडं, कुणाची लेक तिकडं. संपादकांना त्यात खप दिसला.

‘‘आपला माणूस घटनास्थळी पाहिजे,’’ ते म्हणाले.

‘‘जातो की,’’ मी म्हणालो. खरंच जायला तयार होतो हो मी!

‘‘तू पोचेपर्यंत बातमी शिळी होईल. इथंच बस आणि लिही.’’

छापखान्यामागच्या हौदात मला गुडघाभर पाण्यात उभं केलं. फोटोवाल्यानं डोक्यावर बादली ओतली. फोटोतली मागची भिंत कापून छपाईचा ब्लॉक केला, खाली छापलं: ‘आमचा खास प्रतिनिधी, वादळग्रस्त भागातून.’ मग संपादकांनी बजावलं, ‘‘तीन दिवस घराबाहेर पाऊल टाकायचं नाही. तू दिसलास तर पेपर बुडाला, आणि नोकरीवर तू पाणी सोड.’’ लाज कोळून प्यायलेला माणूस! आणि मी? मी मान डोलावली. त्याच्यापेक्षा माझाच संताप जास्त येतो मला.

बातमीत गावाचं नाव तर पाहिजे. त्या किनाऱ्यावरचं एकच गाव मला ठाऊक होतं, कारण आमच्या चाळीत भिंतीपलीकडं राहणारी मावशी येता-जाता ते नाव घ्यायची. तिची एकुलती एक लेक तिथं दिली होती. मावशी दारात सूप घेऊन विड्या वळायची आणि मला सांगायची, लेकीच्या घरी दोन माग हायत, दारातनं समुद्र दिसतो. मी लिहिलं, ‘लाटेने गाव पुसून टाकले. एक घर उरले नाही.’ पेन थांबलं नाही माझं, हात झडला नाही! तिच्या लेकीची आठवणसुद्धा झाली नाही मला. नाव खरं वाटेल, एवढंच डोक्यात होतं. ते नाव मी आज इथंही लिहिणार नाही.

पेपर निघाला त्या सकाळी मावशीचा नवरा कारखान्यात मागावर होता. चादरींच्या कारखान्यात कुणीतरी मोठ्यानं पेपर वाचायचा, तशी रीतच होती. तो माग तसाच सोडून घरी आला. तेलुगूत दोनच वाक्यं बोलला असेल. मग मावशीचा जो आवाज फुटला, तो आमची भिंत एकेरी विटेची होती म्हणून सांगतो, माझ्या कानाशीच फुटला. नवरा तसाच अंगावरच्या कपड्यांनिशी स्टेशनला गेला, मिळेल त्या गाडीनं लेकीला शोधायला निघाला.

मी खाटेवर बसून होतो. खोकला आला तर उशीत तोंड खुपसायचो. आई तिकडं भात घेऊन जायची आणि परत आल्यावर माझ्याकडं बघायची नाही. बायका तिला विचारायच्या, तुझा पोरगा तितं गेलाय न्हवं, परत कधी येणार? आई म्हणायची, येईल. उभ्या जन्मात ती खोटं बोलली नव्हती, ते मी तिला बोलायला लावलं.

तिसऱ्या दिवशी आई म्हणाली, ‘‘तिला सुतकाची आंघोळ घालणार आहेत आज. पाणी तापतंय. जनाची नाही तर मनाची तरी आहे का रे तुला?’’

मी लुंगीवर, बनियनवर, तसाच बाहेर गेलो. अंगणात बायका जमल्या होत्या. मावशी धावत आली, माझे दोन्ही दंड धरले. ‘‘आलास? तू तितं हुतास की! माझी पोर दिसली का रे?’’

‘‘मावशी, मी गेलोच नव्हतो. ते गाव मी मनानं लिहिलं. सगळं खोटं आहे.’’

‘‘म्हंजी गाव हाय?’’

‘‘मला ठाऊक नाही.’’

‘‘पोर हाय?’’

‘‘मला काहीच ठाऊक नाही, मावशी.’’

ती मला मारेल असं वाटलं होतं. मारलं असतं तर बरं झालं असतं. पण तिनं मला सोडलं, जाऊन तापलेल्या पाण्याचा हंडा लवंडून दिला आणि उंबऱ्यावर रस्त्याकडं तोंड करून बसली. पुढचे आठ दिवस ती तिथंच बसून होती. नोकरी माझी त्याच दिवशी गेली. संपादकांनी चुकीची दुरुस्ती छापली नाही ती नाहीच. म्हणाले, ‘‘गाव पुसलं गेलं नसेल कशावरून?’’

नवव्या दिवशी नवरा आला, लेकीला आणि तिच्या तान्ह्या बाळाला घेऊन. गाव जागेवर होतं. छपरं उडाली होती, माग भिजले होते, माणसं जिवंत होती. मावशीनं चाळीत घरोघरी साखर वाटली. आमच्या दारातही आली. आईच्या हातावर चिमूट ठेवली. मी हात पुढं केला.

तिनं माझ्याकडं बघितलं, मग आमच्या मधल्या भिंतीकडं. आवाज चढवला नाही, शिवी दिली नाही.

‘‘म्हंजी तीन दिस तू घरातच हुतास,’’ ती म्हणाली. ‘‘माझं रडनं ऐकू येत हुतं की तुला.’’

आणि साखरेची वाटी घेऊन पुढच्या दाराला गेली.