दिंद्रुडच्या दुकानातला काठीवाला

कापडाच्या दुकानात संध्याकाळी झाडू मारला की ढीगभर कातरणं निघतात. टाकून द्यायला जीव होत नाही, आणि ठेवायची तर कशाला हे कळत नाही. आमच्या दुकानातल्या त्या व्हिडिओ गेमचे किस्से तसेच साठलेत. अडीच महिने तो आमच्याकडे होता, आणि अडीच महिन्यांत तो नक्की काय आहे हे काही आम्हाला नीट कळलं नाही!

गेम माझ्या मेव्हण्याचा. पुण्याला कंपनीत होता तो. राखीला आला आणि जाताना गादीवर विसरून गेला. मागाहून पत्र आलं, "भाऊबीजेला येतो तेव्हा नेईन. सांभाळा."

हाताच्या पंजात मावेल असा करडा डबा. मधे काच, खाली बटणं. ते दिवसच तसे होते. गावात डिश आलेली, दर आठवड्याला कुणाकडे तरी काहीतरी नवीन यायचं, आणि हे कशासाठी असतं हे विचारायची सगळ्यांनाच लाज वाटायची. आमच्या ओट्यावर मशीन टाकून बसणाऱ्या रज्जाकभाई टेलरनी डबा उलटासुलटा करून पाहिला आणि सांगितलं, "कॅल्क्युलेटर है."

झालं! दोन दिवस तो कॅल्क्युलेटरच होता. तिसऱ्या दिवशी कुणाच्या तरी हातून तो चालू झाला आणि गाऊ लागला. रज्जाकभाई शांतपणे म्हणाले, "पुण्याका कॅल्क्युलेटर है ना."

* * *

काचेत दिसायचं ते असं. एक भलामोठा पक्षी एका बाईला उचलून नेतो आणि पिंजऱ्यात कोंडतो. हातात काठी घेतलेला एक इवलासा माणूस तिच्यासाठी उजवीकडे पळत सुटतो. वाटेत खड्डे, काटे, नाना तऱ्हेची जनावरं. बटण दाबलं की उडी, दुसरं दाबलं की काठी.

माझ्या वडिलांना, आप्पांना, मोतीबिंदूमुळे यातलं काही दिसायचं नाही. तरी पहिला प्रश्न त्यांचाच.

"पळायलंय कावून ते?"

"बाईला सोडवायला, आप्पा."

"कोण हाय ती त्याची?"

आता हे कुणाला माहीत! मी म्हणालो, बायको असेल. रज्जाकभाई म्हणाले, बहीण. लुगडं घ्यायला आलेलं एक जोडपंही वादात पडलं आणि लुगडं न घेताच गेलं. शेवटी आप्पांनी निकाल दिला.

"लेक हाय त्याची. बायकोसाठी एवढ्या उड्या कोण मारतंय?"

आई दाराआड उभी होती. त्या दिवशी आप्पांना दुपारचा चहा मिळाला नाही!

पण तेव्हापासून ती लेक झाली. रोज जेवण झालं की आप्पा विचारायचे, "लेक सुटली का रं?" आधी मला हसू यायचं. मग यायचं बंद झालं, कारण आप्पा खरंच काळजीत असायचे.

* * *

रज्जाकभाईंची वेगळीच पंचाईत. काचेतला काठीवाला पळाला की खाली त्यांचे पाय मशीनच्या पायटीवर पळायचे. डबा दोन्ही हातांत, नजर काचेवर, आणि दाबाखालचं कापड आपलं चाललंय पुढे.

शाळेतले एक गुरुजी नवा सदरा घालून बघायला आले. उजवा हात बाहीत गेला तो बाहेरच येईना. बाहीचं तोंड शिवून टाकलेलं, तेही दुहेरी टीप मारून!

"रज्जाकभाई, हात कुठून काढू?"

रज्जाकभाईंनी डब्यावरून मान वर केली नाही. "बाहर कायकू निकालना, गुरुजी? थंडी आरी अब."

* * *

सोपान म्हणजे आमचं जुनं गिऱ्हाईक, मेंढरंवाला. मेंढरं पडिकात बसवून तो दुपारी दुकानात टेकायचा. त्याच्या हातात डबा दिला तर काठीवाला जागचा हलेना. अर्धा तास काचेच्या डाव्या कडेला डोकं लावून उभा!

"सोपान, उजवीकडं ने की."

"आन मागं काय राह्यलं ते कोण बघावं? ही काच मागं जात न्हाई व्हय? कसलं बेअक्कल यंत्र हाय बे हे!"

पण एकदा हात बसल्यावर आमच्यापैकी कुणीही त्याच्या जवळपास येईना. आम्ही घाईनं उड्या मारायचो आणि खड्ड्यात जायचो. सोपान थांबायचा. "जनावर हाय. त्याची येण्याजाण्याची वाट ठरल्याली आसती. जाऊ द्यायचं त्याला, मंग आपुन निघायचं."

* * *

एका सोमवारी आप्पांनी फर्मान काढलं. "आज कुणाच्या डोक्यावर उडी मारायची न्हाई. काठी बी न्हाई. महादेवाचा वार हाय."

मी म्हणालो, आप्पा, मग गेममध्ये राहिलं काय? कारण वाटेतलं जनावर मारल्याशिवाय पुढे जाता येतं हे आम्हाला माहीतच नव्हतं. सोपान मात्र "बरं" म्हणाला आणि बसला. एकालाही धक्का न लावता, सगळ्यांना चुकवत, तो आम्ही कधी पाहिला नव्हता त्या किल्ल्यापर्यंत गेला.

मंगळवारी मारामारी सुरू झाली आणि सोपान पहिल्याच खड्ड्यात पडला. असं का, ते आजही मला सांगता येत नाही!

* * *

भाऊबीज उजाडली. मेव्हणा दुपारच्या एसटीनं येणार, डबा घेऊन जाणार. दुसऱ्या दिवशी सोपान मेंढरं घेऊन उमापूरकडं, गोदाकाठाला निघणार, तो पावसाळ्याच्या तोंडाशीच परत. म्हणजे लेक सुटायची तर आजच. आणि तेही एका बैठकीत, कारण डबा बंद केला की सगळं पुसलं जायचं, परत पहिल्यापासून.

सोपाननं मेंढरं भावावर सोपवली आणि सकाळी आठलाच येऊन बसला. मी आप्पांच्या कानाशी सगळं सांगत होतो. आता काट्यांचं रान. आता किल्ला. आता एकच जीव उरला. रज्जाकभाईंनी मशीन बंद ठेवलं होतं. साडेअकराला तो पक्षी पडला! समोर पिंजरा, आत लेक. काठीचा एक तडाखा, की कुलूप तुटणार.

सोपाननं बटणावरचा अंगठा काढला.

"आप्पा, शुभ कामाला थोरल्याचा हात लागाया पाह्यजे. कुलूप तुमी तोडा."

आप्पा उठले. हात धुतले, टोपी घातली, गळ्यातल्या लिंगाला हात लावून डोळे मिटले. मग डबा हातात घेऊन चाचपला. कोणतं बटण ते मी सांगणार, तोवर त्यांच्या अंगठ्याला बाजूचा चालू-बंदचा खटका लागला. तो त्यांनी सगळा जोर लावून सरकवला.

काच कोरी झाली.

आप्पा मान वर करून उभे होते, डबा छातीशी धरून.

"सुटली का रं?"

मी सोपानकडे पाहिलं. सोपाननं आप्पांच्या हातावर हात ठेवला.

"सुटली, आप्पा. रडायली, पर बरी हाय."