शेजाऱ्याचं खरं नाव

सोनचाफ्याचा वास आला की मला भुईगावच्या आमच्या गल्लीत खुर्ची टाकून बसलेला शेजारचा म्हातारा दिसतो. माझ्या बहिणीच्या लग्नाचा आदला दिवस होता आणि मांडवाचा टेम्पो त्याच्यासमोर खोळंबला होता, कारण आम्ही त्याला आमंत्रण घरी जाऊन न देता फोनवर दिलं होतं. मांडीवर टोपली घेऊन तो शांतपणे चाफा निवडत होता. वडिलांनी हात जोडले, चर्चचे फादर समजावून गेले, तरी त्याचं एकच, "न्या टेम्पो माझ्या अंगावरून." माझी पुतणी तेव्हा जादूगारांची जाडजूड पुस्तकं वाचायची. ती म्हणाली, "काका, ड्रॅगनला त्याच्या खऱ्या नावाने हाक मारली की तो ऐकतो." मी म्हटलं, "मग आधार कार्ड माग त्याच्याकडे." "ते नाही रे. लहानपणी आई जेवायला ज्या नावाने बोलावते, ते खरं." ती म्हाताऱ्याच्या थोरल्या बहिणीकडे गेली, तोंड दाबून हसत परत आली आणि त्याच्या कानात काहीतरी कुजबुजली. म्हातारा चाफ्याहून पिवळा पडला. त्याने निमूट खुर्ची उचलली, वर टेम्पोवाल्याला हात दाखवून वाटही करून दिली. ते नाव कळावं म्हणून मी तिच्या मागे लागलो, तेव्हा ती म्हणाली, "सांगते की, पण माझ्या आजीने मला तुझंपण सांगितलंय," आणि माझ्या कानाशी वाकली. त्यानंतर मी म्हाताऱ्याचं नाव कधी विचारलं नाही, आणि आजही ती घरी आली की पंख्याखालची खुर्ची मी आपण होऊन रिकामी करतो.